चर्चच्या सभागृहात ध्वनी आणि प्रकाशव्यवस्था बसवताना : टाळीपासून चाचणीपर्यंत

सातारा-सांगली भागातील चर्चमध्ये ध्वनियंत्रणेचा विषय बहुधा एकाच तक्रारीतून निघतो. आवाज तर भरपूर येतो, पण पाळकसाहेब काय म्हणाले ते मागच्या बाकांवर कळत नाही. अशा वेळी चर्च कमिटीत मोठे स्पीकर घेण्याचा ठराव होतो, देणगीदार तयार असेल तर ते महिनाभरात बसतातही, आणि तक्रार मात्र तशीच राहते. याचे कारण असे की काळ्या दगडाच्या भिंती, शहाबादी फरशी आणि उंच छत असलेल्या वास्तूत आवाज कमी पडत नसतो. तो वेळेत विझत नसतो. एक शब्द भिंतींवर घुमत असतानाच पुढचा शब्द येऊन त्यावर पडतो, आणि स्पीकर जितका मोठा तितका हा गोंधळ मोठा होतो. म्हणून आधी वास्तू, मग वीज, त्यानंतर स्पीकर व माईक आणि शेवटी दिवे हा क्रम ठेवावा. खरेदीची यादी मात्र वास्तू तपासल्याशिवाय करूच नये.

वास्तूची तपासणी

सभागृह पूर्ण रिकामे असताना वेदीसमोर उभे राहून एकदाच जोरात टाळी वाजवावी आणि आवाज पूर्ण विझेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजावे. मोबाईलवरच्या स्टॉपवॉचने केलेले मोजमाप ढोबळ असते, पण निर्णयासाठी तेवढे पुरते. गणिताने पडताळायचे असेल तर सभागृहाचे घनमीटरमधील घनफळ ०.१६१ ने गुणावे आणि आलेल्या संख्येला आतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागावे. ध्वनिशोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जेवढा वाटा शोषतो तो वाटा, आणि या सर्वांची बेरीज. हे सूत्र अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबाइन यांचे आहे. १८९५ पासून त्यांनी तिथल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातून बैठकीच्या गाद्या आणून मांडल्या, काढल्या, पुन्हा मांडल्या आणि दर वेळी आवाज विझायला लागणारा वेळ मोजला. गाद्यांचा हा धडा आपल्याही कामाचा आहे.

समजा, सभागृह १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि सरासरी ७ मीटर उंच आहे. घनफळ ११३४ घनमीटर झाले. दगड, गिलावा, फरशी, लाकडी छत आणि उघड्या खिडक्या यांचे एकूण शोषण ढोबळमानाने ४० चौरस मीटर धरले, तर रिकाम्या सभागृहात आवाज विझायला सुमारे साडेचार सेकंद लागतील. त्याच सभागृहात दीडशे माणसे बसली, तर दर माणशी साधारण ०.४५ चौरस मीटर या हिशेबाने शोषण १०७ पर्यंत जाते आणि वेळ पावणेदोन सेकंदांच्या आत येतो. नाताळच्या उपासनेला सगळे स्पष्ट ऐकू येते आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, चाळीस माणसे आलेली असताना, काहीच कळत नाही, याचे कोडे इथे सुटते. दोष यंत्रणेचा नसतो. माणसे कमी असतात, म्हणून शोषण कमी असते.

उपदेश स्पष्ट कळण्यासाठी हा वेळ एक ते सव्वा सेकंद असावा असे मानतात; मंडळीच्या एकत्र गायनाला मात्र दीड-पावणेदोन सेकंदांची घुमारी मानवते. सभागृह अगदीच कोरडे केले तर प्रत्येकाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो, आणि मग लोक गायला बिचकतात. म्हणून दोन्हींच्या मधला मार्ग धरावा. सुरुवात मागच्या भिंतीपासून करावी, कारण पुढच्या स्पीकरचा आवाज थेट तिथे आदळून उलट माईककडे येतो. लाकडी चौकटीत ५० मिलिमीटर जाडीचा रॉकवूल किंवा ग्लासवूल भरून, वर सच्छिद्र कापड ताणून केलेले पॅनेल स्थानिक सुतार सहज बनवतो. असे ३० चौरस मीटर पॅनेल लावले, तर वरच्या उदाहरणातील रिकाम्या सभागृहाचा वेळ साडेचारवरून तीन सेकंदांच्या आत येतो. खिडक्यांना दाट चुण्यांचे जाड पडदे आणि बाकांवर गाद्या घालाव्यात. गादी असलेले रिकामे बाक काही अंशी बसलेल्या माणसाचे काम करते, त्यामुळे गर्दी कमी-जास्त झाली तरी आवाज फारसा बदलत नाही. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. त्यांनी बोलण्याचा आवाज फारसा शोषला जात नाही आणि आगीचा धोका मात्र वाढतो.

वास्तू जुनी असेल तर छताची कैची, म्हणजे कौलांचा भार पेलणारा लाकडी त्रिकोणी सांगाडा, एखाद्या अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी. सागवानी कैची वरवर भक्कम दिसते, पण कौलांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले असेल तर भिंतीत गेलेली टोके आतून कुजलेली असतात. दिवे आणि स्पीकर टांगण्यासाठी लाकडाला भोके पाडू नयेत. कैचीला पट्टीच्या क्लँपने धरून खाली दीड इंची जीआय पाईप आडवा घ्यावा. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिलिमीटर असतो आणि दिव्यांचे तयार हूक-क्लँप त्यावर नेमके बसतात. टांगणीची प्रत्येक वस्तू तिच्या वजनाच्या किमान पाचपट भार पेलणारी असावी, आणि मुख्य क्लँपखेरीज प्रत्येक दिव्याला व स्पीकरला स्टीलच्या तारेचा वेगळा सुरक्षा-फास असावा. खाली लहान मुले बसतात, एवढे लक्षात ठेवले की या बाबतीत काटकसर सुचत नाही.

वीज आणि अर्थिंग

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. त्याला सांगायच्या गोष्टी मात्र आपल्याला ठाऊक असाव्यात. ध्वनी आणि प्रकाश यांची सर्किटे मुख्य बोर्डापासूनच वेगळी असावीत. तीन फेजचा पुरवठा असेल तर ध्वनीची सगळी उपकरणे, म्हणजे मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, वेदीजवळचे कीबोर्डचे प्लग हे सर्व, एकाच फेजवर घ्यावे आणि दिवे व पंखे दुसऱ्यांवर टाकावेत. प्रत्येक सर्किटला योग्य क्षमतेचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा खटका) असावा, कारण माईक हातात धरणारा माणूस प्रत्यक्ष यंत्रणेला जोडलेला असतो.

अर्थिंगकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. साताऱ्याच्या डोंगराळ भागात खाली मुरूम आणि कातळ लागतो, त्यामुळे एका खड्ड्यात भागत नाही. सांगली-मिरजेच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम मिळते आणि एप्रिल-मे महिन्यांत जमीन भेगाळली की ते ढासळते. खड्ड्यात पाणी घालण्याची नळी बसवून उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे आणि ठेकेदाराकडून वर्षातून एकदा, तेही उन्हाळ्यातच, मोजणी करून घ्यावी. स्पीकरमधून सतत हम, म्हणजे घूं असा आवाज, येतो म्हणून काही साऊंडवाले प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हम थांबतो, पण माईकच्या जाळीत वीज उतरण्याची वाट मोकळी होते. हा प्रकार कोणालाही करू देऊ नये. हम बहुधा दोन उपकरणांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेल्यामुळे येतो. कीबोर्ड किंवा लॅपटॉप डीआय बॉक्समधून (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची छोटी पेटी) जोडला आणि त्या बॉक्सवरचा ग्राउंड-लिफ्टचा खटका वापरला की तो सुरक्षितपणे जातो.

भारनियमनासाठी इन्व्हर्टर ठेवायचा असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा घ्यावा; स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मिक्सर सुरू झाला की गुणगुण सुरू होते. माईकची केबल विजेच्या वायरीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर न्यावी आणि दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. भिंतीत पाईप टाकतानाच एक रिकामा जादा पाईप टाकून त्यात नायलॉनची दोरी ओवून ठेवावी. पुढे कॅमेऱ्याची वायर ओढायची वेळ येतेच.

स्पीकर : किती आणि कुठे

दुकानात चर्चा वॅटवरून सुरू होते; आपण ती डेसिबलवर, म्हणजे आवाजाच्या पातळीच्या मापावर, आणावी. एखाद्या स्पीकरची संवेदनशीलता ९५ डेसिबल असेल, तर एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे ८ मीटरवर १८ डेसिबल कमी होऊन ७७ उरतात. बोलण्याची टोके ९२ डेसिबलपर्यंत पोचवायची असतील तर आणखी १५ डेसिबल लागतात आणि त्यासाठी सुमारे ३२ वॅट पुरतात. गायन, ढोलकी आणि कीबोर्ड यांच्यासाठी पुरेशी शिल्लक धरली तरी दोनशे वॅटचे दोन चांगले स्पीकर दीडशे माणसांच्या सभागृहाला पुष्कळ झाले. मंडपातले पंधरा इंची टॉप आणि अठरा इंची बेस खुल्या मैदानासाठी असतात. दगडी सभागृहात त्यांचा बेस कोपऱ्याकोपऱ्यात साठून राहतो आणि शब्द बुडतात.

अशा वास्तूला उभे, सडपातळ कॉलम स्पीकर सर्वांत चांगले. त्यांचा आवाज आडवा पसरतो, पण वर-खाली फारसा जात नाही, त्यामुळे छतावर वाया जाणारा आणि तिथून घुमून परत येणारा आवाज कमी होतो. ते वेदीच्या दोन्ही बाजूंना, पुलपिटाच्या (उपदेश करण्याच्या उंच जागेच्या) थोडे पुढे, म्हणजे माईक त्यांच्या मागे राहील असे बसवावेत आणि त्यांचा रोख बसलेल्या माणसांच्या कानांकडे असावा. सभागृह १२ मीटरपेक्षा लांब असेल तर पुढचा आवाज वाढवत बसण्याऐवजी मध्यावर लहान स्पीकरची दुसरी जोडी द्यावी. तिला विलंब द्यावा लागतो : ध्वनीला एक मीटर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून १० मीटर अंतरासाठी ३० आणि वर आणखी १० असा ४० मिलिसेकंदांचा विलंब डिजिटल मिक्सरमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये भरावा. वरचे १० यासाठी, की कानाला पहिला आवाज पुलपिटाच्या दिशेने मिळतो आणि मागच्या माणसाला पाळकसाहेबच बोलत आहेत असे वाटते, शेजारचा खांब नव्हे.

मिक्सर ठेवण्याची जागा श्रोत्यांमध्येच असावी. मागच्या दाराआडच्या किंवा वेदीलगतच्या खोलीत बसून आवाज जुळवणारा मुलगा मंडळी जे ऐकते ते ऐकतच नसतो.

माईक

पुलपिटावर लवचीक दांडीचा कंडेन्सर माईक सोयीचा असतो. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागतो आणि तोंडापासून तो १५ ते २० सेंटिमीटरवर असावा. बोलणाऱ्याने मागे सरकून अंतर दुप्पट केले की त्याचा आवाज ६ डेसिबल पडतो. ऑपरेटर तो भरून काढायला फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर ढकलतो आणि शिट्टी सुरू होते. शिट्टीचे दुसरे मोठे कारण म्हणजे विनाकारण उघडे ठेवलेले माईक. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. म्हणून उपदेश सुरू झाल्यावर गायकवृंदाचे माईक बंद ठेवण्याची शिस्त लावावी.

आपल्या उपासनेत पेटी आणि तबला असतात, आणि इंग्रजी पुस्तिकांत त्यांच्याबद्दल मार्गदर्शन मिळत नाही. पेटीचा माईक भात्यासमोर धरू नये. हवेचा सुस्कारा आणि भात्याची खटखट आधी येते. सुरांच्या बाजूने, वरून, साधारण ३० सेंटिमीटरवर तो ठेवावा. तबल्याला एकच माईक द्यायचा असेल तर तो दोन्हींच्या मध्ये, किंचित डग्ग्याकडे झुकता असावा, कारण शाईचा टणत्कार कसाही पोचतो, घुमारा पोचत नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या गावच्या मंडळीत सुराचा कान असलेला माणूस शोधावा लागत नाही. आवाज जुळवताना त्याला शेजारी बसवावे, मात्र फेडर त्याच्या हाती देऊ नये.

बोलण्याच्या प्रत्येक माईकवर १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर चालू ठेवावा. कॉर्डलेस माईक जुने घेत असाल तर त्यांची फ्रीक्वेन्सी पाहावी : ७०३ ते ८०३ मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईल सेवेचा आहे आणि २०२२ च्या लिलावानंतर तो प्रत्यक्ष वापरात आला, त्यामुळे त्या पट्ट्यातले माईक घेऊ नयेत.

यंत्रणा लागल्यावर चाचणीसाठी लोक सहसा तेविसावे स्तोत्र वाचतात. ते सर्वांना पाठ असल्यामुळे अर्धे ऐकू आले तरी पूर्ण कळल्यासारखे वाटते. त्याऐवजी मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळ वाचावी आणि मागच्या बाकावर बसवलेल्या माणसाने ऐकू येतील तशी नावे कागदावर लिहावीत. अबीहूद आणि एल्याकीम ही नावे संदर्भावरून ओळखता येत नाहीत. ती ऐकूच यावी लागतात. मध्यभागी, बाजूच्या खिडकीखाली आणि बाल्कनीच्या आत अशा तीन ठिकाणी ही चाचणी पंखे चालू ठेवून करावी.

दिवे

प्रकाशाचे काम ध्वनीपेक्षा सोपे आहे, पण इथे मोह जास्त. वाचणाऱ्याचा चेहरा दिसावा आणि मंडळीला गीतपुस्तक वाचता यावे, एवढे झाले की बाकी सारे ऐच्छिक. समोरून येणारा दिवा चेहऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करील असा असावा : चौथऱ्यावर उभ्या माणसाचा चेहरा जमिनीपासून २ मीटरवर आणि पाईप ६ मीटरवर असेल, तर पाईप त्याच्या ४ मीटर पुढे यावा. याहून उभा प्रकाश पडला की डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात, आणि फार तिरपा असला तर चष्मा चमकतो व बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत येतो. डावी-उजवीकडून प्रत्येकी एक आणि मागून एक मंद दिवा, एवढ्याने पुलपिटाचे काम भागते. चेहऱ्यासाठी ३००० ते ३२०० केल्विनचे, रंगदर्शकता (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) ९० च्या वर असलेले पांढरे एलईडी घ्यावेत. लाल-हिरवा-निळा मिसळून पांढरा करणारे पार (डब्यासारखे झोताचे दिवे) मागच्या भिंतीसाठी ठीक आहेत, चेहऱ्यावर त्यांचा रंग आजारी दिसतो.

पंख्याच्या वर दिवा कधीही लावू नये. फिरत्या पात्यांमधून येणारा प्रकाश पानावर सतत लपलपतो, वृद्धांना गरगरते, आणि कॅमेऱ्यात तर काहीच धड दिसत नाही. उपासनेचे कॅमेऱ्याने प्रक्षेपण करत असाल तर कॅमेऱ्याचा शटर १/५० वर ठेवून प्रत्येक दिवा मंद करून पाहावा. स्वस्त एलईडी मंद केल्यावर चित्रात पट्टे पडतात, आणि ते दुकानातच कळलेले बरे.

जुने हजार वॅटचे आठ पार एकदम लावले तर सुमारे ३५ अँपिअर ओढतात. शंभर वॅटचे आठ एलईडी पार साडेतीनच्या आसपास. वायरिंगचा सगळा हिशेब त्यामुळे बदलतो. दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या डीएमएक्स वाहिनीत ५१२ चॅनेल असतात. प्रत्येक दिव्याला सात लागत असतील तर पत्ते १, ८, १५, २२ असे द्यावेत, केबल एका दिव्यातून दुसऱ्यात साखळीसारखी न्यावी, मध्ये फाटे फोडू नयेत, आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (साखळीचे टोक बंद करणारा रोध) लावावा. दिवे अचानक लुकलुकू लागले तर बहुतेक वेळा हा टर्मिनेटर नसतो, किंवा कोणीतरी डीएमएक्सऐवजी माईकची केबल वापरलेली असते.

आवाराबाहेरचा आवाज

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार बाहेर ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाच्या आतील वापराला ही रात्रीची बंदी नाही; नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना आत होते, तिला अडचण येत नाही. पुनरुत्थानाच्या रविवारची पहाटेची उपासना मात्र पुष्कळदा मैदानात होते आणि ती सहाच्या आधीच सुरू होते. तिथे विनामाईक गायन करावे किंवा वेळ पुढे घ्यावी. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झाल्यापासून दवाखान्यांची दाटी वाढत गेली आहे, त्यामुळे आपले आवार एखाद्या घोषित शांतता क्षेत्रात येते का ते आधी विचारून घ्यावे. अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे.

हवाली करताना

अ‍ॅम्प्लिफायरचा रॅक आणि विजेचा बोर्ड जमिनीलगत ठेवू नये. कृष्णाकाठच्या मंडळींना ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगावा लागत नाही; ज्या भागात तेव्हा पाणी शिरले होते तिथे त्या पातळीच्या वर, शक्य झाल्यास बाल्कनीवर, रॅक न्यावा. महाबळेश्वर-पाचगणीकडे पुराऐवजी दमटपणा छळतो. तिथे जून ते सप्टेंबर रविवारखेरीज आठवड्यात आणखी एकदा तासभर यंत्रणा चालू ठेवावी, माईक सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवावेत आणि जॅक सुकलेले आहेत ना ते पाहावे. उंदरांसाठी पाईपांची तोंडे जाळीने बंद करावीत.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना मराठीत नाव लिहावे, मिक्सरच्या चॅनेलखाली पट्टी चिकटवावी आणि जुळवलेली स्थिती डिजिटल मिक्सरमध्ये जतन करून तिला कुलूप लावावे. दिव्यांची तीनच दृश्ये ठेवावीत : उपासना, उपदेश, कार्यक्रम. युवक संघातील किमान तिघांना शिकवावे, कारण एक परीक्षेला आणि दुसरा नोकरीसाठी पुण्याला गेला की उपासना एकट्यावर येते. रॅकच्या दारावर आतून एक कागद लावावा, त्यावर एवढेच असावे : चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर, बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर, शेवटी मिक्सर, आणि खाली ठेकेदाराचा फोन नंबर.